गोड न आवडणारे
ऐक ना गा, जंतूंच्या एन्झाइमवर मी पीएचडी करून राहिलो होतो तेव्हाची गोष्ट. साखर रेशनवर मिळायची, तीही जेमतेम. चहा पिता पिता आईनं विचारलं, "लॅबमध्ये दिवसभर करतं तरी काय तू?"

म्हटलं, "जंतूंमधले काही एन्झाइम एका रेणूवरची साखर काढून दुसऱ्या रेणूले लावतात. कोण कोणती साखर कोणाले देते, ते पाहून मी त्यांचे गट पाडतो."

"अन् सोतासाठी काही ठेवत नाही ते?"

"काहीच नाही."

आई आपला बिनसाखरेचा चहा फुंकत बसली. लहानपणापासून मी तिले 'गोड न आवडणारे' या गटात टाकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कपात चमचाभर साखर टाकली. तिनं एक घोट घेतला, कप माझ्याकडे सरकवला अन् हळूच म्हणाली, "अजून एक टाक."