पणजीचं नाव काय होतं?

...अहो, अकरा पिढ्या! भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये अकरा पिढ्यांची वंशावळ, आणि त्यात एक बाई नाही! मग हे अकरा पुरुष काय झाडाला लागले होते?

तुम्हाला सांगते, मी देवासची वल्लरी, पीएचडी करते. आपल्या प्रत्येक पेशीत इवल्या इवल्या भट्ट्या असतात, अंगातली ताकद तिथंच तयार होते, आणि त्या भट्ट्या मिळतात फक्त आईकडून. बाप कितीही मोठा सरदार असू दे, त्याचा वाटा शून्य! आमच्या आईला पन्नाशीतच जिना चढवेना, आजीचंही तेच झालेलं, आणि आता मलाही चौथ्या पायरीवर धाप लागते... म्हणजे बिघाड आईच्या बाजूचा. त्या बाजूच्या बायकांचं, पणजीच्या बहिणींच्या लेकी-नातींचंही, रक्त तपासायला हवं. आमचे सर म्हणाले, "बेटा, नानी की माँ का मायका ढूँढो, बस!" बस?!

गेले धारला, आजीच्या माहेरी. तिथं बापूमामा, आईचे मामेभाऊ, आणि भिंतीवर ती अकरा पिढ्यांची फ्रेम. विचारलं, मामा, पणजीचं नाव काय होतं?

"उदाजीराव!"

अहो, ते पणजोबा!

"आम्ही तर माईसाहेबच म्हणायचो. जिना कधी चढल्या नाहीत, बघ."

तेच तर! पण नाव काय होतं?

"सासरचं का माहेरचं? माहेरचं तर मांडवातच बदललं ना, तांदळात नवं नाव लिहून!"

बरं, माहेर कुठलं?

"कन्नौद... का सतवास? अगं, कोण ध्यानात ठेवतं?"

वरून मामी, "आधी पोहे-जिलबी खा, मग चिड!"

शेवटी ट्रंकेतून पणजोबांची वही निघाली. ते संस्थानच्या पागेवर कारभारी, घोड्यांचा सगळा हिशेब त्यांच्याकडे. अक्षर मोत्यासारखं! उघडते तर... "चंद्री घोडी. तिची आई बिजली. बिजलीची आई मोरणी, राहणार निसरपूर, मागच्या पायांनी अधू."

घोडीची आजी! तिचं गाव! तिचे पायसुद्धा! आणि घरात जी बाई आयुष्यभर जिन्याच्या खालीच राहिली, तिचं नाव काय होतं? रडले हो मी, त्या वहीवर डोकं ठेवून रडले.

पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. कालच सासूबाईंचा फोन, "आमच्यात सुनेचं नाव बदलतात हं. काय ठेवू या?"

म्हटलं, चंद्री ठेवा. निदान कुठंतरी नोंद तरी राहील.