पालीच्या मावशीची वेबसाइट
अरे, समुद्रकाठच्या पालीत मासे विकणाऱ्या आमच्या मावशीसाठी मी गिऱ्हाइकांनी मासे मागवायची वेबसाइट केली होती. पहिल्यांदा दाखवली ती बंदरावर, भर उन्हात. मावशी म्हणाली, “बटन कुठं हाय? मला काय दिसत न्हाय.”

मी खट्टूच झालो. घरी येऊन ब्राउझरमध्ये चुका तपासणारं एक फुकटचं एक्स्टेंशन टाकलं. त्यानं यादीच काढली. अक्षरं फिकी, बटणं बारीक, असं बरंच काही. बसून सगळं दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात मोबाईल मावशीच्या हातात दिला.

“आता एकही चूक नाही, मावशी. कॉम्प्युटरनं तपासलंय.”

तिनं पान खालपर्यंत सरकवलं. “दिसतंय सगळं. पन सुरमईच्या नावाखाली तू बांगड्याचा फोटो लावलायस.”