शिवणीत गेलेला समास

कमळाबाई : ओढू नकोस गं, शिवण उसवेल. ठेव ते पुस्तक मांडीवर आणि अशी जवळ सरक. तुला एका समासाची गोष्ट सांगते. गोष्ट छोटी आहे, पण रामरायाचा जन्म तिच्यात अडकला होता.

लक्ष्मी : पण आत्याबाई, हे पाहा ना. उजव्या पानावरचे ठळक शब्द कसे बाहेर, काठाला आलेत. डाव्या पानावरचे मात्र सगळे शिवणीत शिरलेत. वाचायचे कसे?

कमळाबाई : कोणालाच वाचता आले नाहीत. तिथूनच गोष्ट सुरू होते. हे तुझ्या मामंजींचं आख्यान. माझा दादा जन्मभर कल्याणात कीर्तन करत आला, पण उतारवयात त्याला विसर पडू लागला. कथा नाही हो विसरायचा. पदाचा पहिला शब्द तेवढा जायचा. तो कोणी दिला की पुढचं सगळं पद गंगेसारखं वाहत यायचं.

लक्ष्मी : मग कागद बघून म्हणायचं.

कमळाबाई : एका रामनवमीला तेच केलं. सुटे कागद पंढरी मृदंग्याच्या गुडघ्याखाली ठेवले. आपलं देऊळ खाडीकाठी, चैत्रातला वारा. ऐन जन्माच्या वेळी कागद उडाले, दादा थांबला आणि माध्यान्ह टळली. लोक उपाशी. मंडपात कोणीतरी म्हणालं, रामाला यंदा वाटेत उशीर झालेला दिसतो. पंचांनी मात्र सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर नवमीचं कीर्तन डोंबिवलीच्या बुवांना देऊ.

लक्ष्मी : डोंबिवलीचे म्हणजे आमचे मामा.

कमळाबाई : तेच. गळा चांगला आहे त्यांचा. तर दादा त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, कमळे, नवमी गेली तर मी कशासाठी सकाळी उठायचं? मग त्याने तोड काढली. शिवलेलं पुस्तक करायचं, म्हणजे वारा काही करणार नाही. ते मागे चौरंगावर उघडं ठेवायचं. डावीकडे पंढरी मृदंग घेऊन, उजवीकडे हरिहर झांज घेऊन. पानाच्या बाहेरच्या बाजूला एक समास आखायचा आणि त्यात प्रत्येक पदाचा पहिला शब्द ठळक लिहायचा. डाव्या पानाचा समास पंढरीपुढे, उजव्याचा हरिहरापुढे. दादा अडला की ज्याचं पान त्याने शब्द द्यायचा.

लक्ष्मी : युक्ती नामी आहे.

कमळाबाई : होतीच. ठाण्याच्या एका शिळाछापखान्यात गोपीनाथपंत म्हणून लेखनिक होते. अक्षर मोत्यासारखं. दादाने काम त्यांना दिलं. पंतांचा सगळा जन्म पोथ्या लिहिण्यात गेलेला. आता पोथीचं पान सुटं, ते खालून वर उलटतं. तिला कुठली आली शिवण, आणि कुठलं डावं-उजवं पान? पंतांनी प्रत्येक पानाला उजव्या हाताला समास आखला.

लक्ष्मी : अगं बाई. म्हणजे डाव्या पानाचा उजवा हात शिवणीतच.

कमळाबाई : तुला घटकेत कळलं. पंतांना ते कळायला संध्याकाळ झाली. पुस्तक बांधून आलं ते अष्टमीच्या दुपारी, पंत स्वतः घेऊन आले. दादाने उघडलं आणि नुसता बघत राहिला. म्हणाला, समास एकसारखे हवे होते, पंत. पंत म्हणाले, एकसारखेच आहेत, सगळे उजवीकडे, एकही चुकलेला नाही. दादा म्हणाला, मला सगळे बाहेर हवे होते. पंत म्हणाले, बाहेर ही काही बाजू नव्हे, बुवा. बाजू दोनच, डावी आणि उजवी.

लक्ष्मी : आणि तुम्ही?

कमळाबाई : मी पन्हं दिलं. दोघं प्यायले आणि पुन्हा तेच सुरू.

लक्ष्मी : शिवण उसवून टाकायची.

कमळाबाई : आणि वारा? पुन्हा लिहून काढायला हातात एक रात्र. दादा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, पंचांना निरोप धाडा, डोंबिवलीच्या बुवांना बोलवा. तेव्हा पंत पुढे सरकले. बराच वेळ पुस्तक डावीकडून, उजवीकडून पाहिलं. चुकलं असं काही म्हणाले नाहीत, शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘डाव्या पानांचे शब्द मीच लिहिलेत. उद्या मी डावीकडे बसतो.’

लक्ष्मी : बसले?

कमळाबाई : पंढरीच्या शेजारी, पाटावर, पगडी घालून. दादा डाव्या पानावर अडला की पंत डोळे मिटून शब्द द्यायचे, न चढवता, न उतरवता, समासात लिहिल्यासारखे. हरिहर आपल्या बाजूचं सांभाळत होता. कथा कौसल्येच्या महालात आली. पुजारीबुवा पाळण्याची दोरी धरून उभे. आणि जन्माचं पद नेमकं डाव्या पानावर.

लक्ष्मी : मामंजी अडले.

कमळाबाई : अडला. मंडपात सगळे थांबले. पंतांकडून शब्द येईना. पंढरी मृदंग वाजवतच राहिला, दुसरं करणार काय? मी बायकांतून पाहिलं, तर पंतांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. माणसाने सगळं आख्यान आपल्या हाताने लिहिलं होतं गं, पण गाताना कधी ऐकलं नव्हतं. दादा त्यांच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, ‘पंत, पुढं?’

(लक्ष्मी पुस्तक मिटून छातीशी धरते.)

लक्ष्मी : मग?

कमळाबाई : पंतांनी उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाले, ‘माध्यान्ही.’ तेवढं पुरलं. पद सुटलं, गुलाल उडाला, दोरी ओढली. सुंठवडा वेळेवर मिळाला, त्यामुळे पंचांचंही समाधान झालं.

लक्ष्मी : नवमी राहिली तर.

कमळाबाई : दादा होता तोवर दादाकडेच राहिली. पुढे पंतांनी दुसरं पुस्तक नव्याने लिहून दिलं, दोन्हीकडचे समास बाहेर. दादा म्हणाला, आता तुम्ही समोर आरामात बसा. पंत डावीकडेच बसले. म्हणाले, ‘पुस्तक पुरं झालं, बुवा. माझं ऐकून व्हायचंय.’ मग दर नवमीला ठाण्याहून यायचे. दादा गेल्यावरही आले, तुझ्या नवऱ्याचं कीर्तन ऐकायला. गेल्या कार्तिकात ते गेले. मागे कोणी नाही.

लक्ष्मी : मला ठाऊकच नव्हतं.

कमळाबाई : कसं असणार? तुझं लग्न माघातलं. उद्या नवमी. पाळण्याला हात लावशील तेव्हा देवाकडे माझ्यासाठी काही मागू नकोस. गोपीनाथपंतांची तेवढी आठवण काढ.