सालमियातला शाळिग्राम

कुवेतला डोंगर नाही म्हणता? अहो, खाडीपलीकडे 'जाल अझ-झोर' नावाचा कडा आहे, आणि त्यानेच आमचा घात केला! ऐंशी सालाच्या आसपास आम्ही सालमियात राहायचो. एका शुक्रवारी त्या कड्यावर सहलीला गेलो, तर सासूबाईंना एक काळा, गुळगुळीत दगड सापडला. त्यावर पीळ घातल्यासारखी वळणं.

"अगं बाई, हे तर चक्र! शाळिग्राम आहे हा!"

दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज अभिषेक आणि आम्हाला रोज तीर्थ.

पुढे ह्यांचे मित्र कर्वे जेवायला आले. तेल कंपनीत जिऑलॉजिस्ट. सासूबाईंनी आल्याआल्या तीर्थ दिलं. ते पिऊन कर्व्यांनी ओला हात डोक्यावरून फिरवला. सासूबाई पानं वाढायला आत गेल्या आणि कर्व्यांचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं.

"वहिनी, हा कुठला?"

"जाल अझ-झोरचा."

त्यांनी तो खिडकीशी नेऊन उलटासुलटा पाहिला. चेहरा पांढराफटक.

"तिथे लाखो वर्षांपूर्वी समुद्र होता, वहिनी. शार्क होते. त्यांच्या आतड्याला पीळ असतो, म्हणून विष्ठेलाही पीळ पडतो. ही तीच आहे. दगड झालेली."

हे ओरडले, "अरे, रोज पितोय आम्ही!"

कर्व्यांनी उजवा हात अंगापासून लांब धरला होता.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. तो पुढे आलेला हात पाहून त्यांनी लगबगीने पळी भरली.

"अहो, लाजताय काय? घ्या की अजून!"