जड माल

तुम्ही आता वॉट वाचून, नेटवर चौकशी करून कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घेता. आमच्या घरातला पहिला सप्लाय आण्णांनी तळहातावर तोलून घेतला होता. आण्णा म्हणजे माझे वडील. मखमलाबादला गवार लावायचे आणि रोज पहाटे नाशिकच्या मार्केटला न्यायचे.

मी कॅबिनेट अगदी छोटं घेतलेलं, त्यात बसतील असे दोनच सप्लाय दुकानात होते. बाराला लोडशेडिंग, त्याआधी जोडून बघायचं म्हणून मी घाई करत होतो.

"आण्णा, हा हलकाच घेऊ, कंपनी बरी आहे."

"थांब रे." त्यांनी दोन हातांत दोन डबे धरले. "हा लय हलका हाय. जड माल कधी फसवत नाय."

"काकांना पारख आहे," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन घाईघाईने जोडलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि स्क्रीनवर काही उमटायच्या आत बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मला राहवेना. शेवटी वायर काढून सप्लायचं झाकणच उघडलं. आत नावापुरते चार पार्ट आणि तळाला चिकटवलेली एक जाड लोखंडी पट्टी, कशालाच न जोडलेली.

आण्णांनी पट्टी उचकटून हातात घेतली. "वजन वाढवायला चिकटवली. असल्या माणसाला धंद्यात उभं करू नाय."

आई ओट्याजवळून म्हणाली, "आणि तुम्ही पहाटे गवारीच्या पोत्यावर पाणी मारता, ते काय तिला तहान लागते म्हणून?"