हाजसाहेबांच्या मोबाइलमधला दिवा

—नाही नाही काका, बटण शोधू नका, बटणच नाहीये त्याला. तो फोन नमुना म्हणून ठेवलाय. समोरून कुणी रिंग दिली की दिवा लागतो. जुन्या फोनमध्ये ते थरथरणारं यंत्र असतं ना, त्याच्याच तारांना एलईडी जोडला — फोन थरथरला की उजेड. माझंच डोकं. आपल्या अलेक्झांड्रियात रिंग द्यायला कुणाला काय लागतं — पोचलो, एक रिंग. बाल्कनीत ये, दोन रिंगा. समोरच्यानं उचलायचाच नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. तुमच्या फोनलाही बसवतो, द्या इकडे, उघडतो. ते भिंतीवरचं सर्टिफिकेट? ते मावसभावाचं. फ्रेम माझी आहे.

पहिला दिवा कुणाला बसवला सांगू? हाज रमदान बस्यूनींना. त्यांच्या मुलीला, नशवाला, मागणी घालायला गेलो ना, तेव्हा कुनाफा मिठाईच्या डब्याबरोबर हेही. पाचवा मजला, लिफ्ट सहा वर्षं बंद, संध्याकाळ झाली की वीज गायब — म्हटलं, सासरा खूश होईल. झाला की — एक दिवस. दुसऱ्या दिवशी हाजसाहेब काळोख्या जिन्यात, नशवानं वरून रिंग दिली, लख्ख उजेड, आणि या गृहस्थांनी काय करावं? फोन उचलला. उचलला की थरथर बंद, थरथर बंद की दिवा बंद. ती ओरडतेय, ‘बाबा, उचलू नका हो,’ आणि हे विचारतायत, ‘मग फोन करतेस कशाला?’ चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस, वाजलेला फोन ठेवून देणं त्याला जमेल होय? चार वेळा लागला, चार वेळा विझवला, आणि तिसऱ्या मजल्यावर शेजारीण उम्म सबरीच्या कोबीच्या टोपलीत जाऊन बसले. घोटा सुजून हा एवढा. चूक कुणाची? — बरं, माझी. थोडी.

आता म्हणतात, आधी मुलाची चौकशी, मग बोलू. त्यांचा धाकटा भाऊ यायचाय तंता शहराहून, गल्लीत विचारत फिरणार. फिरू दे. न्हाव्याला सांगून ठेवलंय, मी पाच वेळा नमाज पढतो. कहव्याच्या दुकानात बजावलंय, माझ्या हुक्क्याचं नाव काढायचं नाही. तुम्हाला तो भेटलाच तर तुम्हीही सांगा, पोरगा हुशार आहे. हसू नका काका, मला ती खरंच हवी आहे. आठ वर्षं रिंगा देतोय तिला. एकदाही उचलला नाही तिनं फोन — म्हणजे उचलायचा नसतोच, पण ती बाल्कनीत येते. दर वेळी येते. हे लग्न मोडलं ना, तर मी काय करीन, मला खरंच माहीत नाही.

झालं, निघालं झाकण. एक स्क्रू कुठं गेला कोण जाणे — सापडेल. नाव सांगा, डबीवर लिहून ठेवतो. वगदी... हं. पुढे? बस्यूनी. ब... स्यू...

तंत्याचे?

बसा ना. नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, इथे बसा. चहा सांगतो. पुदिना घालून.

...हाजसाहेबांचा घोटा कसा आहे आता?