पासवर्ड तेवढा विचारू नका

तेच तं सांगून राहिली न भाऊ — बाकी सारं वाजवते ही गाण्याची मशीन! कुठल्याही गावचं गाणं मागा, वाजते. नुसती आपली गाणी मागितली का रुसल्यावानी करते. हे पाहा काचेवर लिहून येते, 'संग्रह सापडला नाही'. सापडला नाही म्हणजे? परवापर्यंत सापडत होता न? या श्रीधरभाऊ, दार लोटा आधी, तिखट उडते. त्या पोत्यावर नका बसू, भिवापुरी मिरची आहे, उठल्यावर माह्या नावानं बोंबलसान. स्टूल घ्या. शिंक आली तं येऊ द्या, कांडपाच्या घरात लाजाचं काम नाही.

नाही, मी काही केलं नाही मशीनले. म्हणजे — पुसली. फुंकर मारली. मंग एक थापड मारली. मंग दुसऱ्या बाजूनं मारली, एकाच गालावर काहून! आमच्या जुन्या टेपले चालत होतं तसं. चौथी शिकलेली बाई मी, मले वाटलं तिखट गेलं असन घशात — मशीनच्या — तं तांदळाच्या कोठीत पुरून ठेवली. हसा, हसा. काढली तं तेच, संग्रह सापडला नाही, आणि वरून हलवली का तांदूळ वाजते आतमधी.

गाणी यात नाहीत? माहीत आहे न मले! गाणी त्या काळ्या डब्ब्यात आहेत, ही मशीन तिथून वायफायवर ओढते. माही पोरगी प्रीती, तिनंच आमच्या गाण्याच्या मंडळाच्या जुन्या कॅसेटी डब्ब्यात भरून देल्ल्या. कुठं आहे डब्बा? आहे न. जवळच आहे. — भिंतीच्या तिकडं. इंदूबाईकडं. आता असं काय पाहून राहिले? प्रीतीच म्हणे, आई, तुह्या तिखटात हा डब्बा जगणार नाही, इंदूमावशीच्या फळीवर ठेवू, मधात एकच भिंत, तुहं वायफाय पोहोचते तिथवर. ठेवला. इंदूनं त्याच्यावर रुमाल शिवून टाकला, झालरीचा. तिचं तसंच, झाडणीलेही झालर लावन ते बाई.

तिनं बंद केला असन? मलेही पहिले तेच वाटलं. पण दिवा लुकलुकते त्याचा, खिडकीतून दिसते — नाही, डोकावली नाही मी! कपडे वाळू घालाले गेली तं दिसला. मंग आणखी एकदा गेली. वाळलेलेच कपडे घेऊन.

बदल? काही नाही बदललं. — पासवर्ड तेवढा बदलला. तुमच्याच वायफायच्या ऑफिसात फोन केला, तिथल्या बाईनं बदलून देल्ला. या मशीनले नवा सांगितला, मोबाइलले सांगितला. इंदूले काहून सांगीन? तिच्याचसाठी तं बदलला! माह्या वायफायवर फुकट सिरियल पाहाची, आणि विहारात तालमीले साऱ्या बायांसमोर मलेच म्हणे, "भीमे, आता तू मागं उभी राहा वं, तुह्या घशात तिखट बसलं." मले! जिनं घरोघरी जाऊन हे मंडळ उभं केलं, तिले! घरी आली आणि तोडलं तिचं वायफाय. समतेची गाणी म्हणणारी बाई मी — शेजारणीचं वायफाय तोडलं!

थांबा, थांबा. काय म्हणता? डब्बाही त्याच वायफायवर होता? त्याले जुनाच पासवर्ड माहीत? म्हणजे इंदूचं तोंड बंद कराले गेली, आणि माहंच बंद करून बसली? आणि थापडा कोणाले मारल्या — या गरिबाले! अरे बापा.

नाही, रेडिओवर नाही भागत. गिऱ्हाइकासाठी लावते म्हटलं फोनवर तुम्हाले, खोटं होतं ते. त्या गाण्यात मी आहे भाऊ. माहा आवाज आहे, मिरचीच्या आधीचा. आता कसा आहे ऐकूनच राहिले न, चक्कीत खडा आल्यावानी. खरं बोलली इंदू. खरं बोलली म्हणूनच तं झोंबलं, खोटं असतं तं दोन शिव्या देऊन तिच्याच घरचा चहा पेली असती. आणि गंमत पाहा, माह्या एकटीचं गाणंच नाही त्यात एकही. मी ओळ उचलते, ती धरते, मी सोडते, ती नेते. तिले बाजूले काढून मी निघतच नाही त्या डब्ब्यातून.

हो, समजलं. तिकडं जाऊन डब्ब्याले नवा पासवर्ड द्याचा. तं जा न तुम्ही. — ती विचारन काय पासवर्ड आहे? तं सांगा — नाही, सांगू नका! कागदावर तं बिलकूल नाही. लपवाचं काही नाही हो त्यात, पण — हसणार नाही? बोला, हसणार नाही? — 'इंदूबेसुरी'. एका शब्दात. ऑफिसातली बाई म्हणे आकडाही पाहिजे, तं पुढं एक लावला. एक नंबरची.

हसणार नाही म्हणे न तुम्ही! स्टूल मोडसान माहं.

बदलून देता? हो, द्या, साधा काही ठेवा, फुलाबिलाचं नाव — नाही. थांबा. राहू द्या. मीच जाते, तोंडानं सांगते तिले. भडकन? भडकू द्या. इंदू भडकली का वरच्या पट्टीत जाते, आणि त्या पट्टीत ते बाई कधीच बेसुरी नाही झाली, हे मी कोणाले सांगितलं नाही आजवर. डब्ब्यात टाकाले मंग बोलवीन तुम्हाले, आता निघा. निघा म्हटलं न! बायांच्या भांडणात तुमचं काय काम?

आणि दार नका लोटू. उडू द्या तिखट. — इंदू! ओ इंदू! आहे का वं घरात?